नाकारलेलं हिरवं कार्ड

लग्नाला पंचवीस वर्षं झाली तेव्हा आम्ही दोघांनी इटलीच्या किनाऱ्याने जाणाऱ्या एका छोट्या जहाजाची सहल ठरवली. छोटं म्हणजे दीड-पावणेदोनशे प्रवाशांचं. वहिनींना बरोबर न्यायचं हे बायकोनेच सुचवलं. वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. सटाण्याजवळच्या खेड्यात त्यांची कांद्याची शेती आहे. मी आठवीत असताना आई गेली. तिथून पुढे नाशिकला कॉलेजला येईपर्यंत मी वहिनींच्या हातचंच जेवलो. भाऊ म्हणाले, "मला पाण्याची भीती वाटते. हिला न्या." ठरल्या दिवशी वहिनी नाशिकच्या द्वारका चौकात एसटीतून उतरल्या. एका हातात बॅग, दुसऱ्या हातात काठी. उजवा गुडघा चार वर्षांपासून त्रास देत होता.

सबंध आठ दिवसांत त्यांनी एकच गोष्ट मागितली. सहलीच्या माहितीपत्रकात एका गावच्या बाजाराचा फोटो होता. पातीसकट वेणी घातलेले लाल कांदे ओळीने टांगलेले. वहिनींनी तो चष्मा लावून पाहिला, काढून पाहिला.

"हे लोक पात कापत नाय का? आणि असा टांगून किती महिने टिकतो?"

घरची कांदाचाळ, म्हणजे बांबूची ती हवेशीर साठवणीची शेड, वहिनींच्या ताब्यात असते. दर पावसाळ्यात तिथे काही कांदा सडतोच, आणि तो हाताने वेचून काढणं हे तीस वर्षं त्यांचं काम. कांदा विकणाऱ्या एखाद्या बाईला भेटायचं, आपल्या चाळीचे फोटो दाखवायचे आणि तिची रीत विचारायची, असं त्यांच्या मनात होतं. भाषेचं मी फोनवरच्या भाषांतराने भागवणार होतो. बाजार फक्त शनिवारी, दुपारी बारापर्यंत. आमचं जहाज तिथे नेमकं शनिवारीच थांबत होतं. मी म्हणालो, "वहिनी, तुम्हाला त्या बाजारात उभं करतो. ही माझी जबाबदारी."

त्या गावाचं बंदर उथळ. जहाज लांब समुद्रात नांगर टाकून उभं राहतं आणि लहान बोटी माणसांना धक्क्यावर पोचवतात. त्या बोटींना टेंडर म्हणतात. जहाजातर्फे किनाऱ्यावरची बसची सहल घेतलेल्यांना आधी सोडतात. आमच्यासारख्या आपापलं फिरणाऱ्यांनी सकाळी काउंटरवरून नंबराचं कार्ड घ्यायचं आणि नंबर पुकारेपर्यंत हॉलमध्ये बसायचं. आम्ही नाश्ता करून पावणेआठला काउंटरवर गेलो. आम्हाला सात नंबर मिळाला.

कार्ड देणाऱ्या मुलीने वहिनींची काठी पाहिली. तिने सात नंबरचं कार्ड परत मागितलं आणि हिरवं कार्ड पुढे केलं. ज्यांना चालायला त्रास आहे त्यांना आणि त्यांच्या घरच्यांना पहिल्याच बोटीत जागा देतात, असं ती म्हणाली.

मी म्हणालो, "नको. त्या चालू शकतात."

मी सातपूरच्या कारखान्यात मालाच्या तपासणीवर काम करतो. माप बसत नसेल तर माल परत, ही सवय. नाशिकरोडला तिकिटाच्या रांगेत म्हाताऱ्यांना पुढे घालून मागून स्वतःची चार तिकिटं काढणारी माणसं मी पाहिली आहेत आणि त्यांच्याशी भांडलोही आहे. तसं आपण करायचं नाही, एवढंच त्या क्षणी डोक्यात होतं.

बायको हळूच म्हणाली, "अहो, ती मुलगी स्वतःहून देतेय. आपण कुठे मागितलं?"

"कालच वहिनी सगळ्या डेकला फेरी मारून आल्या. त्रास आहे असं सांगणं खोटं नाही का?"

वहिनी दोन पावलांवर उभ्या होत्या. मुलीने खांदे उडवले आणि हिरवं कार्ड खणात ठेवलं.

माझा हिशेब असा होता: एका फेरीला वीस मिनिटं, दोन बोटी, म्हणजे दहाच्या आत आमचा नंबर. धक्क्यापासून बाजार पंधरा मिनिटांवर. हातात दीड तास उरतो. मी तो बायकोला बोटांवर मोजून दाखवलाही.

पण सहलवाल्यांच्या तीन फेऱ्या मी धरल्याच नव्हत्या. त्यांच्या बसेस वेगळ्या धक्क्यावर लागत होत्या, त्यामुळे एक बोट त्यांच्यातच अडकली. आमच्यासाठी उरली एकच. नऊ वाजता दोन नंबर पुकारला. दहाला चार.

वहिनी हॉलमध्ये सगळीकडे बघत म्हणाल्या, "आपल्या मार्केटात ट्रॅक्टर लावतात ना लायनीत, तसं झालंय. भाऊजी, आपला लिलाव कधी?"

बायको हसली. मीही हसलो. तेव्हाही काउंटरवर जाऊन हिरवं कार्ड मागता आलं असतं. मी दोनदा उठलो आणि दोनदा बसलो. आधी नको म्हणून आता मागायला जायचं, हे मला जमलं नाही.

सात नंबर पुकारला तेव्हा अकरा वाजून पाच मिनिटं झाली होती. समुद्र अगदी शांत होता, बोट जहाजाला लागून जागच्या जागी उभी होती. खलाशाने वहिनींचा हात कोपराजवळ धरून त्यांना आत घेतलं. धक्क्यावर उतरलो तेव्हा साडेअकरा. पुढची पंधरा मिनिटं मी माझ्या चालीने मोजली होती. वाट चढाची निघाली, दगडी पायऱ्यांची. वहिनी एक पाय टाकायच्या, दुसरा त्याच्याशेजारी आणायच्या. मधे एकदा थांबून म्हणाल्या, "तुम्ही व्हा पुढं. त्या बाईला थांबवा." मी पळत वर गेलो.

चौकात पोचलो तेव्हा अजून बारा वाजले नव्हते, पण निम्मी दुकानं आवरली होती. कांदेवाली बाई शेवटचं खोकं छोट्या गाडीत ठेवत होती. मी फोन तिच्यापुढे धरला. तिने घड्याळ दाखवलं, काहीतरी बोलली, हसली आणि गाडीत बसली. मी गाडीपुढे उभं राहायला हवं होतं. मी बाजूला झालो.

वहिनी आल्या तेव्हा तिथे टांगायचे रिकामे आकडे आणि जमिनीवर कांद्याची टरफलं होती. त्यांनी काठीवर भार देत वाकून एक टरफल उचललं, उन्हात धरलं, बोटांनी चोळलं.

"पातळ हाय," त्या म्हणाल्या. "आपलं जाड असतं." मग माझ्याकडे पाहून, "चला, चहा बघू कुठं मिळतो का."

परत आल्यावर आठवड्याने मी त्यांना गावी सोडायला गेलो. बायको बरोबर होती. शेजारच्या चार बायका ओट्यावर जमल्या. त्यांना कांद्याचा बाजार ऐकायचा होता. वहिनी जाताना सांगून गेल्या होत्या.

"नाय झालं बघणं," वहिनी म्हणाल्या. "समुद्राला लय लाटा होत्या. बोटीच सोडल्या नाय त्यांनी येळेवर. भाऊजींनी लय धावपळ केली माझ्यासाठी."

एक म्हातारी माझ्याकडे वळली. "किती मोठ्या हो लाटा?"

बायको माझ्याकडे बघत होती. खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. कधी कुणाला चुकीचा आकडा सांगितला नाही असं मी स्वतःबद्दल म्हणत आलो होतो.

"होत्या बऱ्यापैकी," मी म्हणालो.

वहिनींनी चिवड्याची बशी माझ्यापुढे सरकवली आणि काठी घेऊन चाळीकडे गेल्या. एवढ्या दिवसांत किती कांदा सडला, ते त्यांना बघायचं होतं.