उतारावरचे पापड
पापड भाजल्याचा वास आला, की मला मंचरजवळच्या आमच्या अपंगांच्या संस्थेतला नवा उतार आठवतो. व्हीलचेअर थेट वर्गात जावी म्हणून तो बांधलेला. पण मी तिथली स्वयंपाकीण, ऊन झकास लागतं म्हणून त्यावरच उडदाचे पापड वाळत घातले. शिवण शिकणारी एक मुलगी नवी साडी नेसून व्हीलचेअरवरून पहिल्यांदाच त्यावरून जायला आली. मी म्हटलं, "थांब गं जरा, ओले हायेत." "परीक्षा हाय मावशी. राहू द्या, मला सवय हाय," म्हणत ती खुर्चीतून उतरली आणि हातांवर अंग रेटत शेजारच्या पायऱ्या चढली. साडी मातीत, अन् मी पापड राखत उभी! आठवड्यानं जेवताना म्हणाली, "लई कुरकुरीत झालेत, अजून एक द्या." आता ती तिथंच शिकवते, पापड वाढताना मला अजून तिच्या तोंडाकडं बघवत नाही.