वाढवून घेतलेले पाय

"दाबा मॅडम, मेलो नाई अजून."

माझ्या टेबलावर उताणा झोपून तो हे म्हणायचा आणि उशीचा कोपरा ओढून दातांत धरायचा. मी त्याची टाच तळहातात घेऊन पाऊल नडगीकडे रेटायची. पोटरी इतकी ताठ असायची की माझ्याच मनगटात कळ यायची. त्याच्या डोळ्यांतून पाणी कानांत उतरायचं, पण तोंडातून आवाज निघत नसे. त्या उशीचे अभ्रे मी नंतर वेगळे ठेवू लागले, कारण प्रत्येकाला दातांची भोकं पडली होती.

अमरावतीत राजापेठेच्या मागे माझं फिजिओथेरपीचं लहानसं क्लिनिक आहे. पडलेले, अर्धांगाचा झटका आलेले, गुडघे बदललेले असे लोक येतात. त्यांच्यावर काहीतरी ओढवलेलं असतं. धडधाकट पाय स्वतःहून मोडून घेऊन आलेला तो एकटाच.

दूरच्या एका शहरात त्याच्या दोन्ही नडग्यांची हाडं कापली होती. पायाभोवती लोखंडी कड्या, त्यांतून हाडात गेलेल्या सळया. रोज स्क्रू थोडा थोडा फिरवायचा. कापलेली टोकं जराशी लांब सरकतात आणि मधल्या फटीत नवं हाड भरतं. असं करत माणूस तीन इंच वाढतो. हाड वाढतं, पण पोटरीला ते कोणी सांगितलेलं नसतं. ती जुन्याच मापाची राहते आणि टाच वर ओढून धरते. असा माणूस चवड्यांवर चालतो. टाच जमिनीला टेकवायचं काम मग माझ्यासारखीकडे येतं.

तो वलगावचा. घरी झेंडूची आणि शेवंतीची शेती, अमरावतीच्या एका शाळेत खेळाचा मास्तर, राहायला आमच्याच कॉलनीत एका खोलीत. उंची पाच फूट एक. म्हणजे आधीची. पहिल्या दिवशी त्यानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "तुमची हाइट किती?"

मी सांगितली. मी आमच्या घरात सगळ्यात उंच.

"तुमाले फुकटात भेटली," तो म्हणाला आणि टेबलावर चढला.

कॉलनीत त्यानं सांगितलं होतं की ट्रकनं उडवलं. लोक हळहळले. कोणी डबा दिला, कोणी संत्री आणून दिली. पुढे कड्या निघाल्या, कुबड्या सुटल्या, आणि एक दिवस पाण्याच्या टाकीपाशी उभा असताना कोणाच्या तरी लक्षात आलं की हा आता शेजारच्या कुंपणाच्या वर दिसतो. मग काय विचारता. आपल्याकडच्या कॉलन्या कशा असतात ते तुम्हाला ठाऊक आहे. "एक्सिडेंटमधी माणूस उंच होते काय बे? मलेही त्या ट्रकचा नंबर दे." महिनाभर हेच चाललं. तो ऐकून घ्यायचा आणि चवड्यांवर पुढे जायचा.

का केलं, हे मी कधी विचारलं नाही. त्यानंच एकदा सांगितलं, तेही हसत हसत. अकोल्याला मुलगी पाहायला गेला होता. बैठकीत पोह्याची बशी हातात घेऊन बसलेला. मुलीचे काका बाहेरून आले, सगळ्यांना नमस्कार केला आणि त्याच्याकडे पाहून त्याच्या थोरल्या भावाला म्हणाले, "हा लहाना काय? नवरदेव मागून येऊन राहिला काय?"

"मग तू काय केलंस?" मी विचारलं.

"पोहे खाल्ले. चांगले होते."

हा माणूस बिचारा होता असं तुम्हाला वाटत असेल तर थांबा. त्याची जीभ फार वाईट होती. समोरच्या टेबलावर अर्धांगाचे एक म्हातारे शिंपीबुवा हात वर उचलायची धडपड करत असायचे. हा पडल्या पडल्या म्हणायचा, "काका, कपडा फाडून राहिले का हात उचलून राहिले?" शाळेच्या खो-खोच्या संघातून त्यानं एका बुटक्या मुलीला काढलं होतं. ती चांगली पळत असे, हे त्यानं स्वतःच मला सांगितलं. मी विचारलं, मग का काढलं? तर म्हणाला, "मोठी झाल्यावर लोक हासतात. आताच सवय झालेली बरी."

आईलाही त्यानं सोडलं नाही. ती वलगावहून फुलांच्या टोपल्यांसोबत पहाटेच बाजारात यायची आणि माल विकून झाला की त्याचा डबा घेऊन क्लिनिकला. इवलीशी बाई. बाकावर बसली की पाय लोंबकळत. एकदा सगळ्या पेशंटांसमोर तो तिच्याकडे बोट दाखवून म्हणाला, "हे पाहा मॅडम, कंपनी. माल इथचाच हाय."

कोणीतरी हसलं. आईही हसली. "मी काय करू बाई," ती मला म्हणाली, "माह्या बापानं मले एवढीच केली." मग डब्याचं झाकण उघडून भाकरीचे तुकडे मोडत बसली.

ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरनं त्याला सांगितलं होतं की चालाल, पण धावायचं विसरा. ही गोष्ट तो पेपरातली बातमी सांगावी तशी सांगायचा. खरं तर धावणं हाच त्याचा जन्म होता. शाळा-कॉलेजात असताना तो जिल्ह्याच्या संघातून खो-खो खेळायचा. संरक्षण करायला तो मैदानात उतरला की बसलेल्या खेळाडूंच्या रांगेतून आत-बाहेर साखळी खेळत राहायचा, आणि पाठलाग करणाऱ्याचा हात त्याच्या डोक्यावरून रिकामा जायचा. अकोल्यात अजून लोक त्याच्या हुलकावण्यांची आठवण काढतात.

टाच पहिल्यांदा टेकली तेव्हा त्यानं खाली वाकून बोटांनी खात्री करून घेतली. मग भिंत धरून चालणं, मग भिंतीशिवाय. लंगडणं जायला पावसाळा आणि हिवाळा गेला. त्यानंतर तो छत्री तलावाच्या रस्त्यावर सकाळी धावू लागला. ते धावणं पाहवत नसे. गुडघे बाहेर फेकले जायचे आणि पाऊल आपटल्यासारखं पडायचं. फिरायला येणाऱ्यांपैकी कोणीतरी मोबाइलवर त्याचं शूटिंग केलं, त्याला नाचाचं गाणं लावलं आणि ते कॉलनीच्या ग्रुपवर टाकलं. खाली हसऱ्या तोंडांची रांग लागली. माझ्या नवऱ्यानंच मला ते दाखवलं. आज त्याच्यासमोर कोणत्या तोंडानं जायचं, असं मला झालं.

तर तो स्वतःच मोबाइल घेऊन आला. गाण्याचा आवाज बंद करून व्हिडिओ माझ्यासमोर धरला. "पाहा मॅडम, डावी टाच उशिरा टेकून राहिली. उजवी बरोबर हाय. शूटिंग चांगली केली हरामखोरानं." तो व्हिडिओ आम्ही पुन्हा पुन्हा पाहिला आणि त्याप्रमाणे डाव्या पायाचे व्यायाम बदलले.

खोटं कशाला सांगू, या कामात इतका हट्टी माणूस मी दुसरा पाहिला नाही. मी थांब म्हटलं तरी तो थांबत नसे. पोटरीत गोळे आले की पाय बर्फाच्या बादलीत घालून बसायचा आणि शिंपीबुवांची थट्टा करायचा. हळूहळू गुडघे सरळ पडू लागले, पाऊल हलकं झालं. एका सकाळी त्यानं मला छत्री तलावाला बोलावलं. चढावर तो धावत सुटला आणि वळणाआड दिसेनासा झाला. परत आला तेव्हा धाप होती, पण लंगडणं नव्हतं. डॉक्टरला अशक्य वाटलेली गोष्ट माझ्या हातून झाली होती. मी तिथंच रडले. तो म्हणाला, "मॅडम, रडता काहून? तुमी तर दाबलं फक्त."

त्यानंतर अकोल्याला जुन्या खेळाडूंचा मेळावा भरला. एका शाळेच्या मैदानावर प्रदर्शनीय सामना ठेवला होता. माझं माहेर अकोल्याचं, म्हणून मीही गेले. त्यानं नवी पँट शिवली होती, पांढरी. सामना सुरू झाला, तो आत उतरला आणि धावला. सरळ रेषेत तो सगळ्यांत वेगवान होता. लोक उठून उभे राहिले.

मग तो रांगेत शिरला. पाठलाग करणारा त्याचाच जुना सोबती, आता पोट सुटलेला. यानं हूल दिली, वळला, खाली वाकला. जन्मभर जसा वाकायचा तसाच. पूर्वी जिथून हात रिकामा जायचा तिथं आता त्याचा खांदा होता. थाप बसली. तो बाद झाला.

दुसऱ्या डावातही तसंच झालं, आणखी लवकर. पाय धावायला शिकले होते, पण बाकीच्या शरीराला अजून वाटत होतं की आपण जुन्याच उंचीचे आहोत. सोबत्यानं धापा टाकत त्याच्या गळ्यात हात टाकला. "काय बे," तो म्हणाला, "तू तर आता सापडते." त्याच्या बोलण्यात वाईट काही नव्हतं. तेच जास्त लागलं असावं.

पण खरं काय लागलं ते पुढे. सामना संपल्यावर फोटो काढायचं ठरलं. लहानपणापासून प्रत्येक फोटोत त्याला पुढे खाली बसवत आलेले. त्या दिवशी तो न विचारता मागच्या रांगेत जाऊन उभा राहिला, छाती काढून. फोटोग्राफर कोणी तरणा मुलगा होता, कोणाला ओळखत नव्हता. त्यानं कॅमेरा डोळ्याला लावला, खाली घेतला आणि म्हणाला, "मागचे ते पांढऱ्या पँटवाले भाऊ, तुमी समोर बसा. दिसून नाई राहिले."

कोणी हसलं नाही. मी दुरून पाहत होते. तो पुढे आला, मांडी घालायला त्याला जमेना, तसा पाय लांब करून पांढऱ्या पँटवर मातीत बसला. फोटोत तो हसतो आहे.

आठ-दहा दिवसांनी तो क्लिनिकला आला. टेबलावर न चढता बाकावर बसला.

"मॅडम, मांड्या बाकी हायत."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. नडग्या झाल्या होत्या. मांड्यांची हाडं अजून कापायची राहिली होती.

"तू धावतोस," मी म्हटलं. "अकोल्यात सगळ्यांनी पाहिलं."

"धावणं कोनी पायलं? फोटो पायला सगळ्यायनं."

"या वेळी धावणं परत येईलच असं नाही. मांडीचं काम वेगळं असतं."

"आनलं ना एकदा."

मी चिडले. हे पाय तुझे एकट्याचे नाहीत, माझी दोन वर्षं आहेत त्यांत, असंही बोलून गेले. त्यानं शांतपणे ऐकलं. "म्हणून तर सांगाले आलो," तो म्हणाला. "टेबल रिकामं ठेवजा."

जाण्याच्या आदल्या दिवशी त्याची आई एकटीच आली. शेवंतीची परडी टेबलावर ठेवली आणि उभी राहिली.

"बाई, अजून किती उंच होईन तो?"

"दोन-अडीच इंच."

"मंग पुरन त्याले?"

मी उशीचा अभ्रा बदलू लागले. ती परडी रिकामी करून निघून गेली.

सुरुवातीला त्याचे फोन आले. मग बंद झाले. त्याच्या आईकडून तुकड्या-तुकड्यांनी कळत गेलं. एका मांडीत हाड भरलं नाही. पू झाला. हाडात घातलेला लोखंडी गज बदलला, पुन्हा बदलला. उजवा गुडघा वाकत नाही. शाळेची नोकरी गेली, आता अकोल्याला थोरल्या भावाच्या दुकानात बसतो. "क्लिनिकला घेऊन या," मी म्हणायची. "नाई येत म्हनते," ती सांगायची.

मागच्या उन्हाळ्यात मी माहेराहून परत येत होते. अकोल्याच्या स्टँडवर अमरावतीची गाडी भरून निघाली होती. ड्रायव्हरनं गाडी मागे घेऊन वळवली, तसे चारसहा जण फलाटावरून धावत आले आणि दाराला लोंबकळत चढले. एक म्हातारीही लुगडं सावरत चढली. मी खिडकीतून पाहिलं. फलाटावर तो उभा होता. कडक इस्त्रीची पँट, हातात पिशवी, ताठ. आजूबाजूच्या गर्दीत त्याचं डोकं वर दिसत होतं. त्यानं गाडीला हात दाखवला आणि तसाच धरून ठेवला. जागचा हलला नाही.

मी कंडक्टरला म्हटलं, "दादा, जरा थांबवा. एकजण राहिलाय."

तो दारातून वाकून पाहू लागला. "कोन? तो? त्याले पळाले काय झालं ताई? चांगला उंचापुरा गडी हाय."

आणि त्यानं डबल बेल मारली.