न्यायला आलेल्या बायका

हे गेल्यानंतर लोक भेटायला यायचे, चहा घ्यायचे आणि उठताना आवाज उतरवून म्हणायचे, "सुटले हो बिचारे. तुम्हीही सुटलात." खोटं नव्हतं ते. वर्षानुवर्षं अंथरुणाला खिळलेल्या माणसाचं करता करता माझी उमेद त्याच खोलीत संपली होती. पण सुटून मी जायचं कुठे, हे काही कुणी सांगितलं नाही. सकाळी जाग यायची आणि कशासाठी उठायचं तेच कळायचं नाही. औषधाची वेळ नाही, पाठ पुसायची नाही, कुणाची हाक नाही. पूजा तेवढी चालू होती, हाताला सवय म्हणून. देवावर माझा राग होता असं नाही. रागवायलासुद्धा अंगात जोर लागतो, आणि तो माझ्यात उरला नव्हता.

मुलगा वारज्याला नव्या फ्लॅटमध्ये राहायला गेला होता. शनिवार पेठेतल्या दोन खोल्या रिकाम्या करून मी त्याच्याकडे जावं असं ठरत आलं होतं. ठरत आलं म्हणजे, त्यांनी ठरवलं आणि मी मान हलवली. दोघंही भली आहेत हो, त्यांच्यात खोट काढायला जागा नाही. सून म्हणाली, "आई, आता तुम्ही फक्त आराम करा." आराम म्हणजे काय ते मी रोज बघतच होते. इथल्या भिंतीकडे बघत पडायचं, ते तिथे जाऊन नव्या रंगाच्या भिंतीकडे बघत पडायचं. असेच दिवस काढत एक दिवस संपून जायचं, एवढंच काय ते पुढे दिसत होतं.

तशात शेजारच्या मालूताईंनी मला वाघजाईला नेलं. पानशेतच्या वाटेवर, आत डोंगराकडे वळून एक लहानसं गाव आहे, तिथली ही देवी. मालूताईंचा कसलासा नवस फेडायचा होता आणि सोबत हवी होती. मालूताईंना नाही म्हणणं आमच्या पेठेत आजवर कुणाला जमलेलं नाही. स्वारगेटवरून एसटीने गेलो, पुढे माळावरून चालत. मला दर्शनाची ओढ वगैरे काही नव्हती. कधी एकदा घरी जाऊन पडते, असं झालं होतं.

शुक्रवार होता. सभामंडपात गावच्या बायका भजन म्हणत होत्या, आणि काय सांगू, ऐकवत नव्हतं! सुरुवातच इतक्या वरच्या सुरात की अंतऱ्याला पोचेपर्यंत एकेकीचा आवाज फाटायचा आणि मग सगळ्या खोकायच्या. मी मुलींच्या शाळेत संगीत शिकवत असे, यांचं आजारपण सुरू होईपर्यंत. यांना आवाज सोसेना, तेव्हा घरातली पेटी माळ्यावर गेली ती गेलीच. देवळात चपला बाहेर काढता येतात, मास्तरीणपण नाही निघत. कोपऱ्यात फडक्याखाली देवळाची पेटी दिसली. ती वाजवणारी आजी वारली होती म्हणे, तेव्हापासून कुणी हात लावला नव्हता. मी पुढे ओढली, धूळ झटकली आणि त्यांना खालचा सूर धरून दिला. एक पट्टी अडकत होती, भाताही फुसफुसत होता. तरी भजन नीट शेवटाला गेलं. बायका एकमेकींकडे बघून हसायला लागल्या. तेवढ्यात मालूताईंनी एसटीची घाई केली. मी उठले, देवीसमोर हात जोडले आणि म्हटलं, "येते हं."

यात विशेष काही नाही. निघताना 'जाते' म्हणू नये, हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं. मी मंडईतल्या भाजीवालीलाही 'येते' म्हणते. घरी आले आणि सगळं विसरले.

पुढचे दिवस वाईट गेले. भांडी बांधायला काढली होती, ती तशीच पसरलेली. स्वयंपाक करावासा वाटेना, केला तर खावासा वाटेना. मालूताई डबा ठेवून जायच्या आणि संध्याकाळी तसाच भरलेला बघून चिडायच्या. "उपास करायचा तर देवाला सांगून तरी करा," असं एकदा फाडकन म्हणाल्या. एका सकाळी दिवा लावला आणि मला पुढचं स्तोत्र आठवेना. रोजचं, पाठ असलेलं. मी तशीच बसून राहिले. मग देवाला म्हटलं, "पुरे झालं. आता मला ने." रडत नव्हते मी. रिकामी पिशवी कुणी उचलून ठेवावी, इतकंच मागणं होतं ते.

त्याच दिवशी दुपारी दाराची कडी वाजली. दोन बायका उभ्या होत्या, एक चांगलीच म्हातारी आणि एक तरुण. ओळख पटायला वेळ लागला. भजनाला पुढे बसणाऱ्या हौसाबाई, आणि त्यांची सून संगीता. पुण्यात नातेवाइकांकडे काम होतं, तिथून मालूताईंचं नाव विचारत विचारत पेठेत आल्या होत्या. हौसाबाईंनी मला नीट न्याहाळलं आणि म्हणाल्या, "बाई, तुमास्नी न्यायला आलोय."

मी उंबऱ्याशीच खाली बसले. त्या दोघी घाबरल्या. संगीता आत जाऊन पाणी घेऊन आली. मी ते न पिताच बाजूला ठेवलं. हौसाबाईंना वाटलं मी रागावले, म्हणून त्या समजावायला लागल्या. "तुमी येते म्हनला, आन आलाच न्हाई. दर शुक्रवारी आमी पेटी पुसून बसून ऱ्हातो. भजन सुरूच केलं न्हाई."

"अहो, पण तसं म्हणायची पद्धतच असते ना!" मी कशीबशी म्हणाले.

"आमच्यात बी हाय की पद्धत. मानसाला म्हनायचं. देवीला कोन येते म्हनतं व्हय? तिच्याम्होरं निस्तं मागं सरायचं. म्हनलं की शब्द झाला."

मी हसले. किती दिवसांनी हसले कोण जाणे, आणि हसता हसता रडायला लागले. यांच्या दिवसांनाही इतकी रडले नव्हते. त्या म्हाताऱ्या बाईने माझं डोकं खांद्यावर ओढून घेतलं आणि थोपटत राहिली. सकाळी मी काय मागितलं होतं ते तिला ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. याला कुणी योगायोग म्हणेल, म्हणू दे. मी वाद घालत नाही. मला न्यायला आले होते, मी गेले.

मुलाला हे पटलं नाही. "आमच्याकडे यायचं तर तू थकलेली असतेस, आणि एसटीने डोंगरात जाणार?" त्याला लागलं होतं, आणि मलाही त्याचं वाईट वाटलं. मी म्हटलं, "थकले आहेच रे. तिथेही थकणारच आहे." मग माळ्यावरून माझी पेटी त्यानेच खाली काढली, दुरुस्त करून आणली आणि गावापर्यंत पोचवलीही. देवळाशेजारी एक खोली मिळाली. आता आठवड्यातले बरेच दिवस मी तिथेच असते. चार-पाच जणी शिकायला येतात. शेणाचे हात धुऊन, पोर काखेत घेऊन, सासूची बोलणी खाऊन येतात आणि सरगम म्हणताना डुलक्या घेतात. मीही घेते. फार छान, आनंदी असं काही म्हणणार नाही मी. गुडघे दुखतात, वीज जाते, विहिरीचं पाणी जड आहे. पण सकाळी उठते, कारण कुणीतरी दारात येऊन "बाई, उटला का?" म्हणून ओरडतं.

गेल्या शुक्रवारी मला ताप होता. वाजवणं शक्यच नव्हतं. माझ्यामुळे पुन्हा भजन अडणार म्हणून जीव नुसता टांगणीला लागला. पण बायकांनी मला पांघरुणासकट सभामंडपाच्या कडेला आणून निजवलं आणि संगीताने पेटी पुढे घेतली. बोटं घाबरलेली, पण सूर धरला तिने. सगळ्या गायल्या. मी डोळे मिटून ऐकत होते, तेव्हा पायाशी कुणीतरी बसल्याचं जाणवलं. हौसाबाई! वाटीत तेल घेऊन माझे तळवे चोळत होत्या. माझ्याहून कितीतरी मोठी बाई, आणि माझे पाय तिच्या हातात. मी चटकन पाय ओढून घ्यायला गेले. "अहो, काय करताय हे! मोठ्या आहात तुम्ही, मला पाप लागेल."

"गप पडा," त्या म्हणाल्या. "देवीचं भजन चाललंय. हलू नगा."

आयुष्यभर मी दुसऱ्यांचं केलं, आणि त्यालाच भक्ती समजत आले. करून घ्यायचं मला कधी जमलंच नाही. शरण जाणं म्हणजे काय, ते पोथीत पुष्कळ वाचलं होतं. त्या दिवशी मी पाय सोडून दिले.