कमरेची किल्ली

धाकट्या जावेनं मिरच्यांची देठं खुडता खुडता सांगितलं, "जाऊबाई, दिवाळी झाली की मी गट सोडणार." कारण विचारलं तर मिरच्यांचं सूप उचलून आत गेली. ती गेली असती तर तिच्यामागं आणखी काही जणी गेल्या असत्या आणि मंठ्यातला आमचा मसाल्याचा बचत गट बसला असता. माझ्या जिवाला घोर लागला.

तालुक्याहून बचत गटांचं काम बघायला येणाऱ्या मॅडम म्हणाल्या, आधी दुसरा गट बघून या, मग आपसांत बोला. म्हणून सगळ्यांना जीपमध्ये कोंबून घनसावंगीला नेलं. तिथली मशीन, पाकिटं, सगळं मी हात लावून बघितलं. आमच्या बायका मात्र बाहेर ओसरीतल्या एका खिळ्याकडं बघून कुजबुजत होत्या. मला रागच आला.

परतताना मला दम निघेना. "बोला की! त्यांच्यात न् आपल्यात काय फरक दिसला?"

"मशीन मोठी हाय," एक म्हणाली.

"एवढंच बघायला इतक्या लांब आलो का आपण?"

जाऊ बाहेर बघतच बोलली, "त्यांची किल्ली खिळ्याला असती. जी आधी येईल ती कुलूप उघडती."

आमच्या मशीनच्या खोलीची किल्ली गट सुरू झाल्यापासून माझ्या कमरेला. हात आपोआप तिच्यावर गेला.

"मंग मी काय ती घेऊन पळाले का?"

"पळाल्या न्हाईत. पण तुमचं सगळं आवरेस्तोवर आम्ही पायरीवर बसून राह्यतो. रोज. घरी लेकरं टाकून."

मला वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त राग आला, कारण ते खरं होतं. एका घरात राहून एवढं सांगायला घनसावंगी कशाला लागावी? पण तिथल्या खिळ्याकडं बोट दाखवता येत होतं. माझ्याकडं दाखवायची कुणाची छाती नव्हती.

उतरल्यावर किल्ली सोडून जावेच्या हातात दिली. "तुला बराबर वाटल तिथं खिळा ठोक."

दुसऱ्या दिवशी मी रोजच्यापेक्षा लवकर आवरलं. हात सारखा कमरेला जात होता. कुलूप निघालं असेल का, मशीन नीट चालू केली असेल का? जवळजवळ पळतच गेले.

पायरी रिकामी होती. मिरचीचा ठसका रस्त्यापर्यंत येत होता. आत गेले तर कुणी उठलंसुद्धा नाही.

जाऊ मान वर न करता म्हणाली, "उशीर केला तुम्ही. दिवाळीनंतरच्या मालाचं बोलून राह्यलो आम्ही. बसा."