कुणाच्या पोटात शिरायचं नाही

सामोआतल्या आमच्या गावात फुआतिनोसारखी बाई आता शोधून सापडायची नाही. शेजारीण भांडी आदळत असली तरी ती "रागावलीय" म्हणायची नाही, "भांडी आदळतेय" एवढंच म्हणायची. दुसऱ्याच्या मनातलं आपण कसं सांगायचं? तेव्हा सगळं गावच तसं होतं.

तिची लेक तिरेसा ऑकलंडला परस्पर लग्न करून गावी आली आणि नवऱ्यासकट मावशीकडे उतरली.

"मावशी, आई फार चिडलीय का गं?"

"मी काय तिच्या पोटात शिरलेय?" मावशीने हात झटकले.

ज्याला त्याला विचारून तिरेसा थकली. शेवटी खून-मारामारीनंतर गुन्हेगाराकडचे करतात तसं केलंन्. पहाटे डोक्यावरून भारीतली चटई पांघरून आईच्या दारात बसली. समोरच्याने चटई उचलली की माफी.

फुआतिनो धावतच आली. "अगं बये, मुडदा पाडून आलीस का कुणाचा? घरच्या घरात कुणी असं बसतं?" आणि चटई खस्सकन ओढलीन्.

"आई, तू..."

"ऊठ आधी. कोको निवतोय. जावई साखर किती घेतात?"