आयसिल्डाच्या कोवळ्या जटा

आयसिल्डा ब्रॅमवेल औषधांच्या दुकानाच्या दारात उभी राहून शांपूच्या बाटल्या एकेक करून उन्हात धरत होती. बाटलीमागे स्वतःचं बोट धरायचं आणि ते स्पष्ट दिसलं तरच बाटली बाजूला ठेवायची. काउंटरवरची मुलगी आधी हसली, मग कंटाळली, आणि शेवटी विचारती झाली की मिस आयसी, तुम्हाला शांपू हवाय की चष्मा? पोर्ट अँटोनियोत सगळे तिला मिस आयसीच म्हणत, कारण ती शाळेची स्वयंपाकीण, आणि निम्म्या गावाने लहानपणी तिच्या हातची डंपलिंग, म्हणजे पिठाचे तळलेले गोळे, खाल्ली होती. एरवी तिने त्या पोरीला चार शब्द सुनावले असते. आज तिचा जीव थाऱ्यावर नव्हता.

कारणही तसंच होतं. एकसष्टाव्या वर्षी तिने जटा वळून घेतल्या होत्या. त्यात काय मोठंसं, असं कुणी म्हणेल. त्या गावात ऊठसूट कुणाच्याही डोक्यावर जटा असतात. पण आयसिल्डाच्या डोक्याची कथा निराळी. तरुणपणी केस सरळ करायचं क्रीम लावून लावून तिने स्वतःचं टाळकं भाजून घेतलं होतं. चर्चला जायचं तर केस सपाट हवेत, असा तेव्हाचा कायदाच होता म्हणा ना. कानशिलांवरचे केस गेले ते गेलेच. उरलेल्यांवर तिने विग चढवला, आणि तो असा कायमचा बसला की वीस-बावीस वर्षं संसार केलेल्या विल्बर्टलाही, म्हणजे तिच्या नवऱ्यालाही, तिने आपलं उघडं डोकं कधी दाखवलं नाही. झोपतानासुद्धा डोक्याला फडकं घट्ट बांधलेलं.

आणि आता, कसे कोण जाणे, विगखाली वीतभर केस वाढले होते. पातळ, पांढरे, पण तिचे स्वतःचे. तिच्या मनाने घेतलं की वळायच्या तर आत्ताच. पण हे केस गेले तर या वयात पुन्हा येणार नाहीत, हेही तिला पक्कं ठाऊक होतं.

जटा वळून दिल्या पॅन्सीने. बाजारामागे तिची खोली, आणि बाईची जीभ मोठी तिखट. तिने बजावलं होतं की महिनाभर पाणी नको, आणि मग शांपू असा निवडा की मागे काही म्हणता काही उरणार नाही. दुधाळ, मलईदार शांपू जटेच्या गाभ्यात जाऊन बसतो, पिठासारखा पांढरा थर धरतो, कुबट वास मारतो, आणि मग कात्रीशिवाय इलाज नाही. दुधाने तोंड पोळलेल्या आयसिल्डाला तेवढं पुरलं. त्या दिवशी तिने पाण्यासारखा नितळ शांपू निवडला, तळहातावर थेंबभर घेऊन धुतला, वाळवला, हाताला नाक लावून वास घेतला, आणि मगच घरी नेला.

पण जित्याची खोड! सगळा जन्म तिने रोज संध्याकाळी टाळूला तेल लावलं होतं. आईने लावलं, आजीने लावलं, कोरडी टाळू म्हणजे मोडके केस, हे तिच्या हाडीमांसी भिनलेलं. त्यातून शाळेच्या चुलीपुढे उभं राहून डोकं खाजायचं. महिनाभर ती काळं एरंडेल आणि व्हॅसलीन बोटांवर घेऊन प्रत्येक जटेच्या मुळाशी मायेने जिरवत राहिली. शांपूची बाटली फळीवर तशीच.

धुण्याच्या दिवशी ती पॅन्सीकडे गेली. पॅन्सीने एक जट चिमटीत दाबली आणि बोटं उजेडात धरली. चिमटीतून राखाडी चिकटा निघाला होता. उशीची सुतं, पिठाची धूळ, सगळं त्यात.

"मिस आयसी," पॅन्सी म्हणाली, "शांपूतलं काही उरू नये म्हणून तुम्ही दुकान पालथं घातलंत, आणि स्वतःच्या बोटांनी डोक्यावर हे काय लिंपून ठेवलंत?"

"कापाव्या लागतील?"

"आज धुतल्या तर बघू. उद्यावर टाकू नका."

पण बाजारातल्या नळांना सकाळपासून पाणी नव्हतं. पॅन्सीने सांगितलं की घरी टाकी आहे ना, तिथं धुवा, पण स्वतः नाही. तुमचा हात घाबरा, चोळून चोळून सगळं उकलाल. डोक्यावर जुना पातळ, लांब पायमोजा ओढा, म्हणजे जटा हलणार नाहीत, दुसऱ्या कुणाला तरी वरून कोमट पाणी ओतू दे आणि नुसतं दाबू दे.

दुसरं कुणी म्हणजे विल्बर्ट. बस चालवणारा माणूस, सगळ्या रस्त्याची थट्टा करत जाणारा. वाटभर आयसिल्डाला एकच दिसत होतं, त्याच्या हातात आलेले आपले केस आणि त्याच्या तोंडून निघालेला विनोद. परत फिरावं आणि विग चढवावा, असंही मनात येऊन गेलं.

अंगणात टाकीजवळ ती खुर्चीवर वाकून बसली. फडक्याची गाठ तिने आधी पुन्हा घट्ट केली, मग सोडली. पायमोजा ओढून तिने डोळे गच्च मिटले. विल्बर्टने शांपू ओतला, दाबला, मग्याने पाणी सोडलं. पुन्हा शांपू, पुन्हा पाणी. विनोद अजून आला नव्हता.

"काय निघतंय?"

"काळं पाणी. आता जरा स्वच्छ येतंय."

मग त्याचा हात डाव्या कानशिलापाशी थांबला. पायमोज्याच्या कडेतून दोन बारक्या जटा मुळापासून सुटून त्याच्या बोटांना चिकटल्या होत्या. तिने न बघताच ओळखलं. तिथं केस कमीच, आता चामडीच दिसत असणार.

"बघू नकोस तिकडे," ती म्हणाली.

"ती जागा मला माहीत आहे, आयसी."

"तुला कशी माहीत?"

"तुझं फडकं झोपेत सुटतं. रोजच सुटतं. तू उठायच्या आधी मी बांधून ठेवतो."

आयसिल्डा वाकलेलीच राहिली. नाकावरून पाणी ओघळत होतं, त्यातलं किती टाकीतलं हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

"कधीपासून?"

"लग्न झाल्यापासून."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीस?"

"तुला वाटायचं मला माहीत नाही. त्यात तुला बरं वाटत होतं." त्याने एक जट हलकेच दाबली आणि बोटं तिच्या डोळ्यांपुढे धरली. तिने डोळे उघडले. बोटांवर नुसतं पाणी होतं. "बाकीच्या सगळ्या जागच्या जागी आहेत. थांबू?"

"नको," ती म्हणाली. "अजून एक मगा ओत."