पानमळ्यावरचा धूर

आमच्या गावात पानमळ्यात कोणी चप्पल घालून जात नाही. नागवेलीला पाय लागू नये, असं मानतात. संग्रामपूरच्या बाजूला, सातपुड्याच्या पायथ्याशी आमचा लहानसा मळा होता आणि घर मळ्याला लागूनच.

कडाक्याची थंडी पडली की वेल काळी पडते. म्हणून अशा दिवसांत उत्तरेच्या बांधावर ओला पाला आणि तण रचून आगट्या लावायची गावाची रीत होती. जाळ नको, धूर हवा. सगळ्यांनी एकदम लावायच्या, कारण एकाचा धूर दुसऱ्याच्या मळ्यावर जातो. आणि थंडी वाटते तोवर, म्हणजे जवळजवळ दुपारच्या जेवणापर्यंत, त्या विझू द्यायच्या नाहीत.

मायला दमा होता. धुराचे दिवस ती भिंतीला टेकून बसून काढायची. बोलण्यापुरताही श्वास उरायचा नाही, हातानेच खुणा करायची. पण धुराला दोष कोणी देत नव्हतं, तीसुद्धा नाही. मळ्यावर घर चालत होतं आणि माझं कॉलेजही.

घरातून कॉलेजात जाणारा मी पहिलाच. खामगावला राहायचो. वर्गात उत्तर येत असलं तरी माझा हात अर्धाच वर जायचा. एकदा पदार्थविज्ञानाच्या सरांनी विचारलं, थंडीत धूर वर न जाता जमिनीलगत पसरलेला कोणी पाहिला आहे का. हात तसाच अर्धा वर गेला. सरांनी तो पाहिला आणि तास संपल्यावर थांबवून घेतलं. मी आगट्यांचं सांगितलं.

"सूर्य उगवल्यावरही धूर ठेवता? तो का?"

"थंडी असते, सर."

ते म्हणाले, "थंडी आहे म्हणून धूर, की धूर आहे म्हणून थंडी, हे कधी मोजून पाहिलं का?"

त्याच हिवाळ्यात थंडीची लाट आली आणि मायचा दमा वाढल्याचा निरोप मिळाला. निघण्यापूर्वी मी सरांकडे गेलो. तापमापक मागायचा होता, पण मी दारातच उभा राहिलो. त्यांनी स्वतःच कपाटातून दोन तापमापक काढले, कापसात गुंडाळून दिले आणि फुटले तर काय, हे बोललेच नाहीत.

घरी आल्यावर एक तापमापक वेलीत टांगला, दुसरा गावाबाहेरच्या टेकाडावर, जिथे धूर पोहोचत नव्हता. पहाटे मळ्यातला पारा थोडा वर होता. आगट्यांची ऊब होतीच, रीत काही खोटी नव्हती. पण ऊन चढलं तसा टेकाडावरचा पारा वर सरकला आणि मळ्यातला जागचा हलला नाही. धुरामुळे ऊन जमिनीवर येत नव्हतं. जमीन तापत नव्हती म्हणून हवा वर उठत नव्हती, आणि हवा उठत नव्हती म्हणून धूर जात नव्हता. मग थंडी आहे म्हणून आम्ही आणखी पाला टाकत होतो. आत माय श्वासासाठी खांदे उचलत होती.

बाबांना हे सांगायला मी दोनदा गेलो आणि दोनदा परत आलो. तिसऱ्यांदा सांगितलं. बाबांनी तापमापकाची काच उलटसुलट करून पाहिली.

"हे मले नाही समजत," ते म्हणाले आणि अनवाणीच टेकाडावर गेले. तिथे उभे राहिले. परत येऊन वेलीत उभे राहिले. पुन्हा एकदा टेकाडावर जाऊन आले.

"तिकडची भुई कोमट झाली. इथं पाय अजून गारठून राह्यले."

पण आमच्या एकट्याच्या आगट्या विझवून भागणार नव्हतं, वारा शेजारच्या काकांच्या बांधावरून यायचा. बाबा मला घेऊन त्यांच्याकडे गेले. काकांनी ऐकून घेतलं आणि माझ्याकडे वळले.

"काऊन बे, एवढे पैसे भरून कालेजात आगट्या इझवाले शिकोतात का?"

बाबा म्हणाले, "तुही वेल काळी पडली, तर माह्या मळ्यातले पानं तोडून ने."

काकांनी आमच्या घराकडे पाहिलं. मायचा खोकला तिथवर ऐकू येत होता. "त्या काचेसाठी नाही इझवत," ते म्हणाले. "वैनीसाठी इझवतो. उद्याचा दिवस."

दुसऱ्या दिवशी ऊन येताच मी घाईने आगटीवर घागरभर पाणी ओतलं. व्हायचं तेच झालं. पांढराफटक धूर उसळला आणि थेट घरात शिरला. मायचा खोकला थांबेना.

"पाण्यानं नाही, मातीनं दाब, कालेजवाल्या," काका ओरडले आणि फावडं घेऊन स्वतःच धावले. बाबा, काका आणि मी, तिघांनी माती लोटून दोन्ही बांधांवरच्या आगट्या दाबल्या. मग नुसते उभे राहिलो. धूर हळूहळू उचलला गेला आणि पानांवर ऊन पडलं. कडेच्या एका ओळीची पानं मात्र काळवंडली होती. ती थंडीने की माझ्यामुळे, मला आजही सांगता येत नाही. बाबांनी ती खुडून टाकली.

तापमापक परत देताना मी सरांना सगळं सांगितलं, घागरीचंही. ते म्हणाले, कोळसा जाळणाऱ्या मोठ्या शहरांवर असंच होत असावं. धूर ऊन अडवतो आणि थंड, साचलेली हवा धूर अडवते. माणसं जाळतात त्याने पुढे साऱ्या पृथ्वीचंच हवामान बदलेल का, हे मात्र त्या काळी त्यांना सांगता येत नव्हतं. शिकलेला माणूस "माहीत नाही" म्हणतो, हे मी तेव्हा प्रथम ऐकलं आणि मला धीर आला.

मायचा दमा गेला नाही. पण आगट्या दाबल्या त्या दिवशी ऊन चांगलं वर आल्यावर ती भिंत धरत अंगणात आली आणि बाजेवर बसली. काका फावडं खांद्यावर टाकून निघाले होते. तिने त्यांना थांबवलं.

"भाऊजी, च्या घेऊन जा. अन् या पोराले काही बोलू नका, त्यानं सकाळपासून तोंडसुद्धा नाही धुतलं."

एवढं सगळं एका दमात. काका माझ्याकडे बघून हसले आणि बाजेच्या कडेला बसले. मी चहा ठेवायला आत गेलो. काकांचे आभार मी कधी मानले नाहीत, आमच्याकडे घरच्या माणसांना तसं कोणी म्हणत नाही. म्हणून इथे लिहिलं.